पळवा त्यांना!

५ फेब्रुवारी, सोमवार

लागलं! अपील बोर्डावर लागलं! परवा सुनावणी. सकाळीच तिचा फोन — "टीचर, येणार ना?" येणार ना म्हणजे? सहा वर्षं मी दुसऱ्या कशाची वाट पाहिली?

तिचा नवरा पाण्याचे फिल्टर विकत आमच्या गल्लीत आला होता. कोणीतरी ओरडलं, "मुलं पळवणारा!" — आणि चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात माणूस संपला. मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून घसा फुटेस्तोवर ओरडत होते. वर पाहायला कोणाला सवड होती?

बाकीचे मोबाईलवरच्या चित्रणात सापडले, त्यांचा निकाल कधीच लागला. पण लोखंडी सळी घालणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधलेला. तो फक्त मला दिसला. शेवटचा घाव घालून पळताना — या टोकापासून त्या टोकापर्यंत. उजवा हात कुशीला चिकटलेला, डावं पाऊल बाहेर फेकलेलं, आधी टाच टेकणारी. अहो, आयुष्यभर मुलींना मैदानावर पळवलं मी! मैदानाच्या पलीकडून, पाठमोरी, धुक्यात — कोणती मुलगी ते सांगायचे. चेहरे इतरांनी पाहावेत. मी पाय पाहते.

माझ्या साक्षीवर त्याला जन्मठेप झाली. आता वरचं कोर्ट म्हणे माझी साक्ष पारखून घेणार. घ्या! खुशाल घ्या!

६ फेब्रुवारी

निळे कपडे इस्त्री केले. चष्मा पुसला. वन्सं दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, कोर्टात निघालात की वरातीत?" नवरा गेला आणि नणंद राहिली. वाटणीत मला हे आलं.

७ फेब्रुवारी, बुधवार

रागाने पेन कागदात घुसतंय. अक्षर वेडंवाकडं येतंय — कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी पाहिलं असतं तर फूटपट्टी बसली असती.

मला वाटलं होतं, मला विचारतील. छे! अपिलात साक्षीदाराला कोणी विचारत नाही. तिसऱ्या बाकावर गप्प बसायचं आणि दोन वकील तुमच्या डोळ्यांची चिरफाड करतात ते ऐकायचं. वाढदिवस माझा आणि केक कापणार शेजारी!

आरोपीच्या वकिलाचं नाव मी 'चिमटा' ठेवलंय. बोट आणि अंगठा जुळवून एकेक शब्द उचलतो. "साक्षीदार त्या वेळी एकोणसत्तर वर्षांच्या होत्या, माय लॉर्ड. चष्मा वापरतात." वाचायचा रे, वाचायचा! लांबचं मला अजून तुझ्या कोटाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसतं!

आणि मग तेव्हाच्या ओळखपरेडचा विषय काढला. तुरुंगाच्या अंगणात माणसं ओळीने उभी केलेली, सगळे साधारण एका अंगाचे. मी परेड घेणाऱ्या साहेबांना म्हटलं, पळवा त्यांना. ते हसले. "बाई, ही ओळखपरेड आहे, शाळेच्या शर्यती नव्हेत." पुन्हा म्हटलं. नाही म्हणाले, नियमात बसत नाही. मग मी काय करणार? उभ्या ओळीत पाहिलं. एकाचा उजवा खांदा पडलेला. ज्याचा खांदा असा पडतो त्याचा हात कुशीलाच चिकटणार, दुसरं काय? ठेवलं बोट. निघाला कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमधला वेल्डर! सळीही तिथलीच. आता बोला!

तर चिमटा म्हणतो, "साक्षीदार स्वतःच म्हणतात, पळवा. याचा अर्थ उभ्या माणसांत त्यांना ओळख पटत नव्हती. खांदा पाहून त्यांनी अंदाज बांधला. सळीचं म्हणाल, तर त्या वर्कशॉपला दारच नाही. येणारा-जाणारा कोणीही उचलेल."

अंदाज!! मी उठलेच होते. तिने माझं मनगट धरलं, अनोळखी कुत्रा दिसल्यावर आपल्या कुत्र्याचा पट्टा धरतात तसं. तरी तोंडातून "वा रे वा" गेलंच. पट्टेवाला जवळ येऊन पुटपुटला, "आजी, बाहेर बसवीन हं." आजी! याच्या आजीला मी उंच उडी शिकवली असेल.

८ फेब्रुवारी

घसा बसलाय. गप्प राहून! वन्संना सांगितलं तर म्हणतात, "मग पहिल्यांदाच बसला असेल."

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज आपला दिवस होता! आपला म्हणजे सरकारी वकिलाचा. मनुष्य गोगलगाय आहे, पण आज गोगलगायीला शिंगं फुटली. "माय लॉर्ड, ही सामान्य साक्ष नाही. उभा जन्म ज्यांनी धावणाऱ्यांकडे पाहण्यात घालवला त्या बाईंची ही साक्ष आहे." मी पाठ ताठ केली. तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसली. सहा वर्षांत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. बिचारी दिवसभर शिलाईच्या कारखान्यात मान मोडते. सुट्टी मिळत नाही म्हणून आज सुपरवायझरला सांगून आली, "माझा दात काढायचाय." मी म्हटलं, कोणाचा दात काढायचाय ते बघू!

आणि मग — दोन न्यायाधीशांतल्या धाकट्या बाई आहेत त्या पुढे झुकल्या. आतापर्यंत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "साक्षीदाराने दोनदा मागणी केली. मग पळवलं का नाही?"

गोगलगाय शिंगं आत घेऊन उभी. चिमटासुद्धा कागद चाळायला लागला. मला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. सहा वर्षांत पहिल्या माणसाने विचारलं! पोलिसांनी नाही, खालच्या कोर्टाने नाही. पळवलं असतं तर त्याच दिवशी हाताच्या तळव्यावर ठेवून दाखवलं असतं सगळं.

वेल्डर जामिनावर आहे. मागच्या बाकावर आईशेजारी बसतो. आई डाव्या कानाने बहिरी असावी, तो उजवीकडून बोलतो. सुटी झाल्यावर व्हरांड्यातून चालत गेला, तेव्हा मी मुद्दाम मागून निरखलं. खांदा पडलेला — आहेच! पाऊल मात्र सरळ टाकतो. चालताना काय, सगळेच सरळ! पळताना माणूस खरा कळतो.

त्याची आई माझ्याकडे बघत होती. मी नजर वळवली नाही. मी का वळवू?

१० फेब्रुवारी

वन्सं: "आणि समजा तो नसला तर?" मी: "समजा तुम्ही गप्प बसलात तर?" दिवसभर बोलल्या नाहीत. बरं झालं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

कोर्टाच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय, दम धरवत नाही! संपलं. निकाल राखून ठेवला, पण वारं कुठून वाहतंय ते आंधळ्यालाही कळेल.

शेवटी चिमटा म्हणाला, "एका वृद्ध स्त्रीच्या नजरेवर एका माणसाचं आयुष्य टांगून ठेवता येईल का?" थोरले न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, वय हा पुरावा नव्हे. ज्याची नजर तयार आहे त्याला आम्ही एकदम खोटं पाडणार नाही." नजर तयार! शब्द न् शब्द लिहून ठेवते. सिस्टर, ऐकताय ना? मैदानावर उन्हात उभं केल्याबद्दल आज तुमचे आभार मानते.

ती समोर बसली आहे. चहात बिस्किट बुडवायचं विसरली, नुसतंच हातात धरून बसली आहे. म्हणते, "टीचर, तुम्ही नसता तर तो सुटला असता." मी म्हटलं, "मी आहे ना." मग म्हणाली, आता रात्री झोप येईल, आता त्यांच्या फोटोसमोर उभं राहता येईल. माझे डोळे भरून आले. तेही तयार नजरेचे!

बिल मी देणार. आज कोणी भांडायचं नाही.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

कोर्टाच्या वरच्या पायरीवर उभ्या होतो, ती आणि मी, हात धरून. खाली रस्ता. माझ्या खिडकीतून गल्ली दिसते तसाच. वेल्डरने आईला बसमध्ये चढवलं, तिची पिशवी घ्यायला मागे वळला, तेवढ्यात बस सुटली. तो पळाला.

रस्ताभर पळाला. पिशवी डाव्या हातात. उजवा हात खांद्यापासून मोकळा, पार हनुवटीपर्यंत येणारा. पावलं सरळ, एकापुढे एक. चवड्यांवर. टाच टेकलीच नाही.

तो नव्हे.

"काय झालं, टीचर?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिथेच, पायरीवर. उद्या कोर्ट उघडायच्या आत चिमट्याच्या दारात जाऊन हेच सांगणार, तेही सांगितलं. तिने माझा हात सोडला. एवढंच म्हणाली —

"मग कोण, टीचर?"