तिघींना एक करवंटी

३ नोव्हें.
पोरगी मयूरी नर्सिंगला पुण्याला गेली आणि जाताना तिने पाळलेल्या तीन पाली माझ्या गळ्यात मारून गेली. पिवळ्या, ठिपक्यांच्या, काचेच्या पेटीतल्या. थोरली, मधली, धाकटी. पेटीत एक विजेवर तापणारा दगड, लपायला नारळाची एक करवंटी. न्हावा शेव्याला दिवसभर ट्रेलर हाका आणि घरी येऊन पालींना झुरळं भरवा. धन्य!

५ नोव्हें.
दगडावर थोरली धाकटीच्या अंगावर निजलेली. आई म्हणाली, "बघ, कवरी माया हाय." मयूरीला फोटो पाठवला. लगेच फोन. "बाबा, ती माया नाहीये. ऊब तिला एकटीला पाहिजे, म्हणून धाकटीला दाबतेय. वेगळ्या करा त्यांना."
कालची पोर मला शिकवते. आम्ही चार भाऊ एका खोलीत वाढलो.

८ नोव्हें.
धाकटी खात नाही. झुरळ टाकलं की थोरली पुढे, तिचं झालं की मधली. धाकटी करवंटीत. वाळत चाललीय.
आईनेच तोड काढली. "एका ताटान जेवूं दे तिघींना. आपल्याकडं जावाजावांची भांडनां अशीच मिटवतान." पटलं. एका बशीत खाणं ठेवलं, तिघींना समोर आणून बसवलं. थोरली शेपूट हळूहळू हलवत होती. खूश असावी.

९ नोव्हें.
पुन्हा बशी. पुन्हा तसंच शेपूट हलवणं. आणि एकदम झडप. धाकटीची शेपटी तुटून बशीत वळवळत राहिली. थोरलीने ती खाल्ली.
आई देवासमोर जाऊन बसली. मी बशी बाहेर भिरकावली. एवढासा जीव, मयूरीने माझ्या भरवशावर ठेवलेला. फार वाईट वाटतंय.

१० नोव्हें.
थोरली मासळीच्या थर्माकोलच्या डब्यात, वेगळी. मयूरीला शेपटीचं सांगितलं नाही. संध्याकाळी धाकटीने एक झुरळ खाल्लं. हुश्श. मधली गरीब आहे, तिचा त्रास नाही.

१३ नोव्हें.
मधली दगडावर. इतके दिवस कोपऱ्यात असायची, आता थोरलीच्याच जागेवर, तशीच पसरून. धाकटी जवळ आली की मान उचलते. आईला दाखवलं. "आता दोगीच हायेत. न्हाय भांडाच्या."
दुसरा डबा बघायला हवा. उद्या बाजारातून...

१४ नोव्हें.
डबा राहिला. गाडी बंदराच्या गेटवर अडकली होती.
मयूरीचा फोन. "उद्या सकाळी येते बाबा. तिघी बऱ्या आहेत ना?" हो म्हणालो.
सकाळी टाकलेलं झुरळ अजून पेटीत फिरतंय. कोणी शिवलेलं नाही. धाकटी दगडावर नाही, पाण्यापाशी नाही. म्हणजे करवंटीखालीच असणार. उचलून बघायला पाहिजे. पण मधली करवंटीवर चढून बसलीय, माझ्याकडे बघत, आणि शेपूट हळूहळू हलतंय.
भीती वाटते. हात घालवत नाही.