सुनीलचा अर्धा राहिलेला गट

कोहिनूर, ता. बसवकल्याण
१२ जून २०११

प्रिय मनीषा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या नावाआधी 'चि. सौ.' लिहिण्याची माझी रीत. सुनीलकुमार गेल्यापासून तेथे काय लिहावे हे न सुचल्याने केवळ 'प्रिय' लिहिले आहे. आपल्या घरी सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही, म्हणून एकाच छपराखाली राहून हे पत्र. तुझ्या सासूकडून सांगता आले असते, परंतु तिला हे मान्य नाही.

पुण्यात तुम्ही दोघे करीत होता ते काम मला, चौथी शिकलेल्यास, पूर्ण कळले असे मी म्हणत नाही. दिवाळीस त्याने ओसरीवर संगणक उघडून सांगितले होते, "अप्पा, एका मशिनीच्या पोटात दुसरी मशीन उभी करायलाव." मी म्हणालो, "पहिलीच बरी चालंना, दुसरी कामून रे?" तो पुष्कळ हसला. मग म्हणाला, त्यासाठी लागणारी अवजारे, म्हणजे पॅकेजे, विखुरलेली आहेत. कोणीही फुकट घ्यावी अशा लिनक्स प्रणालीत ती गटाने लावायची. एक मागितले की त्यास लागणारी बाकीची सोबत आली पाहिजेत. मेंढरांत आयुष्य गेल्यामुळे एवढे मला समजले. मेंढी विकली आणि कोकरू मागे राहिले, तर ती बांधापुढे पाऊल टाकीत नाही. हे ऐकताच तो तुझ्याकडे वळला, "मनीषा, अप्पाला घेऊ की आपल्या टीमात!" तू पदराआड हसलीस, ते मी पाहिले.

परवा चुलीपाशी तू सासूस सांगत होतीस, पुण्याच्या कामातील सोबत्यांचा निरोप आला; सुनीलचा गट अर्धाच लागला आहे, कोणी हाती न घेतल्यास पुढील आवृत्तीतून काढून टाकतील. "आता माझ्याच्यानं न्हाई व्हायचं," असे तू म्हणालीस आणि पुन्हा भाकरी थापू लागलीस. आमच्यासाठी तू येथे राहिली आहेस, हे मी जाणतो. तुझी सासू रेणुकाबाई म्हणते, "ती हाय तवर पोरगा घरात हाय." मलाही तसेच वाटते. परंतु ते आमचे सुख झाले, तुझे नव्हे.

म्हणून मी तुझ्या भावास फोन करून बोलावले आहे. गुरुवारी तो जीप घेऊन येईल. तू पुण्यास जा आणि तो गट पुरा कर. तू गेल्यावर सुनीलच्या कामाविषयी बोलणारे येथे कोणी उरणार नाही. ते आम्ही सोसू. पुढे कोणी भला मनुष्य भेटल्यास संकोच करू नकोस. आपल्यात दुसऱ्या लग्नास मनाई नाही. मला तारीख कळव. मी मुलीकडचा म्हणून येईन.

तुझाच,
अप्पा
(काशाप्पा)