बांधापलीकडची आरोळी

नांदेड
२ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मोबाइलवर दोन ओळी टाकल्या असत्या तर आठवडा वाचला असता, पण बटणं तुमच्या बोटांपेक्षा बारीक, त्याला काय करणार! ऑपरेशनमध्ये आवाज गेला, हट्ट तेवढा शाबूत राहिला, असं आई परवा फोनवर म्हणत होती. तिच्या बोलण्यात तक्रार कमी आणि समाधानच जास्त होतं. गळ्याजवळ पुन्हा गाठ लागते, हे मात्र तिनं अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता सांगितलं. तुमच्या पत्रात त्याचा एक शब्द नाही. लातूरच्या डॉक्टरांकडे कधी जाताय ते कळवा, टाळू नका.

माझा जॅझचा अल्बम संपत आला. तुमच्या भाषेतलं ‘ते झ्याझ’. हैदराबादला जाऊन सगळं वाजवून झालं. या वेळी दुसऱ्या कुणाचं काही घेतलं नाही, सगळं आपलं घर आणि आपलं रान. आईच्या भाकरी थापण्याच्या ठेक्यावर ड्रम आहे. विहिरीवरच्या सुगरण पक्ष्यांसाठी मी पियानो वाजवलाय. आणि शेवटची रचना तुमची. नावच ‘बाबा’.

दोन वर्षांमागं येळवशीच्या अमावस्येला, रानातल्या पूजेला मी माइक घेऊन आले होते, आठवतं? तुम्ही आंबील शिंपायला ज्वारीत शिरलात आणि मी कडब्याच्या कोपीत आईजवळ पालेभाज्या-शेंगांची भज्जी खात बसले. ज्वारी डोक्याच्या वर, तुम्ही दिसेनासे झालात. मग तुमची ती आरोळी आली. नंतर बराच वेळ सगळं शांत. मग पुन्हा आरोळी. जॅझमध्ये असंच असतं बाबा, एकानं हाक द्यायची आणि दुसऱ्यानं आपल्या मनानं ओ द्यायची. त्या शांत जागेत देगलूरच्या सत्यमनं सॅक्सोफोन वाजवलाय. वरातीच्या बँडवाल्यांच्या घरातला पोरगा, पण असा वाजवला की मला रडू आवरेना. आईच्या फोनवर पाठवलंय. तुमचा आवाज घरात पुन्हा ऐकू येईल. ऐका आणि कळवा.

माया आहेच, ती पत्रातूनही दाखवत जा.

तुमची,
तनुजा

---

शिवणी, ता. निलंगा
१० नोव्हेंबर

चि. तनुजास अ. उ. आ.

ऐकलं. तुझ्या आईनं तीनदा लावलं. तिच्या भाकरीचं लई ग्वाड झालं हाय, शेजारच्या रत्नम्माला बोलावून ऐकवलं. सुगरणीचं बी बरं हाय.

शेवटचं काढून टाक. मला न्हाई पाहिजे. कारण इचारू नको.

गाठीचं तुझ्या आईनं उगं मोठं केलं. ज्वारी निसवायलीय, हरभरा फुलावर हाय, रानडुकरं रोज नासधूस करून राहिलीत. हे सगळं सोडून लातूरला दवाखान्यात जाऊन बसू का? येळवस झाल्यावर बघू.

तब्येत सांभाळून ऱ्हा.

दगडोबा

---

नांदेड
१७ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चार ओळींत मला वाटेला लावलंत. कारण विचारू नको म्हणे! लहानपणी पेटी शिकायला जाते म्हटलं तेव्हाही असंच केलं होतं, आणि मग तुम्हीच सायकलवरून सोडायला यायचात. म्हणून विचारतेच.

तुम्हाला वाईट वाटलं असेल, हे मला कळायला हवं होतं. ज्याचा आवाज गेला त्याला त्याचाच आवाज ऐकवायचा, ही कसली भेट? चुकलं माझं. पण बाबा, हा सगळा अल्बम मी त्या आरोळीसाठी केला. ती काढली तर बाकीचं कशाला ठेवायचं? मेमधल्या ऑपरेशनपासून तुम्ही आमच्याकडं बघून नुसती मान हलवता. मला रात्री झोप लागली नाही की मी ती आरोळी लावते. तेवढीच तुमची माझ्याजवळ आहे.

नाताळात अल्बम बाहेर यायचाय. तुमचा होकार नसेल तर येणार नाही, पण मला कारण कळू द्या. रागवा, पण उत्तर लिहा.

तनुजा

---

शिवणी
२५ नोव्हेंबर

चि. तनुजास आशीर्वाद.

सांगतो मग. ती आरोळी माझी न्हाई. तुझ्या काकाची, दयानंदची हाय.

पयल्यांदा ऐकलं तवा डोस्कंच फिरलं. म्हटलं, बापाचा आवाज जाऊन सहा महिने झाले न्हाईत अन् पोरीला वळखू येईना. त्या रागात तुला चार ओळी खरडल्या. मग तुझी आई म्हणली की तिला बी लग्नानंतर अंगणातून कोण हाक मारतंय ते कळायचं न्हाई, आम्हा दोघा भावांचा आवाज एकाच साच्यातला. तवा राग उतरला. पण दुसरं लागलं ते उतरंना.

आपल्या घरची रीत तुला ठावं हाय. येळवशीला वडीलभावानं आंबील शिंपीत पुढं चालायचं, आरोळी द्यायची. धाकट्यानं मागून ओ द्यायची. ओ आल्याबिगर दुसरी आरोळी न्हाई. वाटणी झाली, मधी बांध पडला, अन् बापजाद्याचे पांडव, पूजेचे पाच दगड, दयानंदच्या वाट्याला गेले. तो म्हणला, दादा, पूजेला ये, दगड तुझेच हायत. मला ते झोंबलं. माझ्याच पांडवाला मी पाव्हणा म्हणून जाऊ? मी हिकडं विहिरीपाशी नवे पाच दगड मांडले, चुना लावला अन् त्या सालापासून गुमान आंबील शिंपली. आरोळी दिली न्हाई.

मग बांधापलीकडून तोच आरोळी द्यायला लागला. वडिलाची आरोळी, धाकट्यानं! मला वाटलं, मला खिजवतोय. तुझ्या त्या माइकात नीट ऐकलं तवा कळलं. आरोळी देऊन तो थांबायचा. लई थांबायचा. ती शांत जागा माझी व्हती गं. तुझ्या सत्यमनं जिथं पिपाणी वाजवली तिथं मी ओ द्यायची व्हती. दर साली दिली न्हाई. आता द्यावी वाटली तर गळ्यात भोक हाय.

म्हणून म्हणलं काढून टाक.

दगडोबा

---

नांदेड
३ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि आधी सगळा फोन उपसला. जुनी रेकॉर्डिंग, नात्यातल्या लग्नांचे व्हिडिओ, सगळं. कुठंतरी तुम्ही सापडाल म्हणून. एका लग्नात तुम्ही पाठमोरे पंगत वाढताय. फोनवर तर जन्मात एकच वाक्य बोललात, थांब, आईला देतो. आणि ते कुणी रेकॉर्ड करतं का? तुमचा आवाज माझ्याजवळ नाहीच बाबा. दोन वर्षं मी काकांचा आवाज उशाशी घेऊन झोपले आणि त्याला तुमचा म्हणत राहिले. मला माझीच लाज वाटतेय, आणि तुमचा रागही येतोय. एवढा मोठा आवाज देवानं दिलेला, तो बांधासाठी गिळून ठेवलात?

असं लिहायला नको होतं, पण खोडत नाही.

आता ऐका. आवाज काकांचा आहे, तर तो ठेवायचा की काढायचा हे त्यांना विचारायला हवं. त्यांना न विचारता मी तो जगाला ऐकवणार नाही. मी फोन करू शकते, पण करणार नाही. तुम्ही विचारा. बोलता येत नाही ही सबब मला सांगू नका, काकांना तुमच्या नजरेवरून सगळं कळायचं, ते तुम्हीच सांगायचात. येळवशीपर्यंत वाट बघते. मला यायला जमणार नाही, शाळेत मुलांच्या परीक्षा आहेत आणि संगीताची बाई म्हणून मला कुणी सोडत नाही.

रागावलात तरी जेवण टाकू नका. आईला त्रास होतो.

तुमचीच,
तनुजा

---

शिवणी
२१ डिसेंबर

चि. तनुजास दयानंद काकाचा अनेक आशीर्वाद.

पोरी, वाटणीपासून तुला माझं पयलंच पत्र. लिहिता हात अवघडतो, सांभाळून वाच. दादा म्हणाला तूच लिही. म्हणाला म्हणजे वही माझ्याकडं सरकवली अन् पेन हातात कोंबला.

परवा येळवस झाली. मी नेहमीसारखा बिंदग्यात आंबील घेऊन ज्वारीत शिरलो अन् आरोळी दिली. थांबलो. सवयच ती, कोण देतंय ओ! तर बांधापलीकडं ठण्ण झालं. वाटलं, तुळजावहिनीच्या हातून भांडं पडलं. पुढं गेलो, दुसरी आरोळी दिली. पुन्हा ठण्ण. तिसऱ्याला बी ठण्ण. बांध ओलांडून गेलो तर दादा ज्वारीत उभा. एका हातात तांब्या, एका हातात विळा, अन् विळ्याची मूठ तांब्यावर हाणतोय. डोळे गच्च मिटलेले. मी आलो ते त्याला कळलंच न्हाई. मी हात धरला तवा थांबला.

लई रडलो. तो बी रडला, पण त्याच्या रडण्याला आवाज न्हाई गं, ते बघवत न्हाई. मग त्यानं मला पुढं हो म्हणून खुणावलं. मी म्हणलं, न्हाई, वडील तू हायस. त्याच्याच हातात बिंदगं दिलं. तो पुढं शिंपीत चालला, मी मागून आरोळी देत गेलो. दोन्ही रानं तशीच फिरलो, बापजाद्याच्या पांडवापर्यंत. मधी एकदा तो वळला, तर त्याचं तोंड हालत व्हतं. त्याचं तोंड अन् माझा आवाज.

भज्जी त्याच्या ताटात खाल्ली. संध्याकाळी वहिनीनं तुझं ते गाणं लावलं अन् दादानं माझ्याकडं बघितलं. काय इचारतोय ते मला कळलं. तर ऐक, काढू नको. नाव बी बदलू नको, ‘बाबा’च ऱ्हाऊ दे. आवाज कुणाचा म्हणून कुणी इचारलं तर घरचा म्हण.

गाठ मी हात लावून बघितली. बरी न्हाई वाटली मला, तुझ्यापासून लपवत न्हाई. गुरुवारी लातूरला मीच घेऊन चाललोय, चल म्हणलं तर या वेळी होय म्हणून मान हलवली. परीक्षा संपल्या की नांदेडहून सरळ लातूरला ये, तुझा माइक घेऊन ये. दादा दिवसभर तो तांब्या घेऊन फिरतोय, खाली ठेवंना.

या काकाला परकं समजू नको.

दयानंद