तळ्यातला चाळिसावा जीव

३ तारीख, सोमवार
जळू! डाव्या पोटरीला! आधी किंचाळले, मग यादीत लिहिली — नववी. अभयारण्याचे राखणदार हसून लोटपोट. “बाई, रक्त देऊन नोंद करणाऱ्या तुम्ही पहिल्याच!”
तीस तारखेला वनखात्याचे साहेब तळं बघायला येणार. तोवर तळ्यात चाळीस प्रकारचे किडे-बिडे दाखवायचे. नाहीतर तळं बुजवून तिथे मोटारी लावायला जागा करणार म्हणे. मोटारी! करून तर बघा!

८ तारीख
सव्वीस! जाळीतला चिखल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला आणि त्यातली एक काडी चक्क चालायला लागली — पाणविंचू!
घरी ह्यांना सांगितलं. “झुरळ दिसलं की स्टुलावर चढतेस, आणि तिथे विंचवाशी खेळतेस?” खेळते! तुमचं काय जातं?

१५ तारीख
एकही नवा नाही. जेवण गेलं नाही.

१९ तारीख
चाळीस!! शेवटचा मळकट, चपटा, खालचा जबडा हातासारखा पुढे फेकून शिकार धरणारा. नाव ठाऊक नाही, म्हणून ‘पैलवान’ लिहिलं. आनंदाने राखणदारांना टाळी दिली, त्यांचा चहा सांडला.

२३ तारीख
सकाळीच गेले. पैलवान पाण्याबाहेर, गवताच्या काडीवर. बघता बघता पाठ उकलली आणि आतून ओला, चुरगळलेला चतुर बाहेर आला! मी तिथेच चिखलात फतकल मारली. तासभर तो पंख वाळवत होता आणि मी रडत होते. काय सांगू, काय पाहिलं ते!
राखणदार वाकून म्हणाले, “आठ-दहा दिवसांत लाल होईल. तुमच्या यादीतला बारा नंबरवाला लाल चतुर हाच.”
म्हणजे पिल्लू आणि मोठा — एकच जीव मी दोनदा मोजला!
“राहू द्या हो. साहेबांना काय कळतंय?”
बत्तीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता स्वतःची झाकू? खोडलं. एकोणचाळीस. घरी येऊन पुन्हा रडले, या खेपेला रागाने.

३० तारीख
साहेबांनी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. “हे काय?” सगळं सांगितलं, चतुराची रिकामी कात त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, मग बूट काढले, विजार दुमडली, म्हणाले, “जाळी द्या इकडे.”
चाळिसावा त्यांनीच धरला!