कंडेन्सरचा वास

बाबा, दुकान अजून तिथंच आहे, मानोऱ्याच्या बस स्टँडमागं, आणि शटर अजून डाव्या बाजूला अडकतं. तुम्ही लाथ मारून उघडायचात, मी खांदा लावते. टीव्ही आता कुणी दुरुस्त करत नाही. बंद पडला की भिंतीवरून उतरवतात आणि नवा टांगतात. तुमच्या टेबलावर आता गाड्यांचे कॉम्प्युटर येतात. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता आणि गाडीत कॉम्प्युटर कायले पाहिजे असं विचारलं असतं, म्हणून सांगते. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची हे ठरवणारी एक चपटी पत्र्याची डबी असते, गॅरेजवाले तिला ईसीएम म्हणतात. माझ्याकडे येतात त्या डब्या जुन्या टर्बो गाड्यांच्या. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, त्या दाबाला बूस्ट म्हणतात, आणि हा दाब किती होऊ द्यायचा हेही ती डबीच एका छोट्या व्हॉल्व्हमार्फत ठरवते. गाड्या पंचवीस-तीस वर्षांच्या, पण एकदा हवा भरली की आजच्या भल्या भल्या गाड्यांना मागं टाकतात. पुण्या-नागपूरची, हैदराबादची हौशी माणसं त्यांना पोटच्या पोरासारखं जपतात आणि डबी बिघडली की कापडात गुंडाळून मला कुरियरनं पाठवतात. मानोरा कुठं आहे, हे त्यांना आधी विचारावं लागतं.

हे काम मी नागपूरच्या एका गॅरेजात शिकले, तुम्ही गेल्यानंतर. डबीतल्या चिपमधले आकडे बदलून बूस्ट कमी-जास्त करायचा, त्याला ट्यूनिंग म्हणतात, ते तिथंच शिकले आणि मग आई एकटी पडली म्हणून परत आले. पण डबी पहिल्यांदा उघडली तेव्हा मला काही शिकावं लागलं नाही. आत तुमच्या व्हीसीआरमध्ये असायचे तसलेच कंडेन्सर होते, पोटात रसायन भरलेले, ॲल्युमिनियमच्या टोप्या घातलेले, वरून साजरे आणि बुडाशी गळणारे. मी सोल्डरिंग आयर्नचं टोक एकाच्या पायाला टेकवलं आणि तो वास आला. सुकटीचा. गॅरेजातले सगळे नाक दाबून हसत होते आणि मी डोळे पुसत होते. धूर गेला डोळ्यात, असं सांगितलं.

आपल्या घरात त्या वासानं काय रामायण घडवलं होतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण मला सांगावंसं वाटतंय. आई माळकरी. आठवडी बाजारात सुकटवाल्या बायांच्या ओळीजवळून जायची वेळ आली की ती पदर नाकाला लावायची आणि माझा हात ओढत पळत सुटायची. आणि तुम्ही संध्याकाळी घरी यायचात तर तुमच्या सदऱ्याला तोच वास. आधी ती नुसता तुमचा सदरा वेगळ्या बादलीत भिजवू लागली. मग तुमचं ताट वेगळं घासू लागली. मी दहाएक वर्षांची असेन, मला वाटलं तुम्हाला काही आजार झालाय आणि दोघं माझ्यापासून लपवताहेत. एका संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात, आईनं भाकर हातात धरली, ताटात टाकली नाही, आणि विचारलं, "तुमी बस स्टँडवर काय खाऊन राह्यले, ते माह्या समोर सांगा."

तुम्ही हात झटकून उठलात, सायकल काढलीत आणि दुकानात गेलात. आईला वाटलं रागावून गेले. ती तशीच भाकर धरून बसलेली. तुम्ही परत येता ते एका व्हीसीआरचा बोर्ड आणि आयर्न घेऊन. देवाच्या फळीखाली मिक्सरची पिन काढून तिथं आयर्नची पिन खोचता, मांडी घालून बसता आणि एकेका कंडेन्सरच्या पायाला टोक टेकवता. बघता बघता स्वयंपाकघरात बाजारातली ती ओळ अवतरते. आई उठून खिडकी उघडते, दार उघडते, देवांवर रुमाल टाकते. "हेच खाऊन राह्यलो मी," तुम्ही म्हणता, "रोज." आई पदरात तोंड घालून इतकी हसली की तिला उचकी लागली. तुमचं ताट परत तिच्या ताटाशेजारी आलं. मात्र बोर्ड देवाजवळ आणला म्हणून ती दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही, आणि सदरा शेवटपर्यंत वेगळ्या बादलीतच राहिला.

त्याच दिवसांत कधीतरी तुम्ही मला हुंगायला शिकवलंत. धूर डोळ्यांपर्यंत येण्याआधी नाक जवळ न्यायचं, चांगल्या डाखाचा, म्हणजे सोल्डरचा धूर राळेसारखा गोडसर, गळक्या कंडेन्सरचा सुकटीचा, आणि मीटर त्याच्यानंतर. तुम्ही फार बोलायचा नाहीत. बोर्ड माझ्याकडे सरकवायचात आणि मी काय म्हणते याची वाट पाहायचात. बरोबर सांगितलं की नुसती मान हलायची, आणि तेवढ्यासाठी मी शाळेतून थेट दुकानात यायची. रागावलात एकदाच. तुम्ही सामान आणायला वाशिमला गेला होतात, आमच्या शाळेतल्या एका मास्तरांचा टीव्ही आला, चित्र अंधुक. मी मागचा स्क्रू फिरवला, चित्र उजळलं, मास्तर खूश, मी तर हवेतच. तुम्ही आल्यावर हे कौतुकानं सांगितलं, तर तुम्ही चहासुद्धा न घेता गेलात आणि तो अवजड टीव्ही सायकलच्या कॅरिअरला बांधून परत आणलात. "वाढवून कायले देतं?" तुम्ही म्हणालात. "कुठं गयते ते पाह्य आंधी." मी आठ दिवस तुमच्यावर रुसले होते.

कोरोनात माझं नाक गेलं, बाबा. ताप उतरला, खोकला गेला, बाकीच्यांची नाकं महिन्या-दोन महिन्यांनी परत आली, माझं काही आलं नाही. कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. भाजीला फोडणी बसली की वास छान सुटलाय असं तिच्याआधी म्हणायची. दुकानात भिंगानं आणि मीटरनं काम रेटत होते, पण गळका कंडेन्सर मोठा लबाड असतो. मीटरवर ठीक दाखवतो आणि बुडाखालून थेंब थेंब झिरपून तांब्याच्या रेघा खातो. सगळे उचलून पाहावेत तर जुन्या बोर्डाची रेघ त्यांच्यासोबत उखडून येते, आणि हे बोर्ड आता कुठं बनत नाहीत. कोणता उचलायचा हे नाकच सांगायचं. ते गेल्यावर मी हळूहळू पार्सलं नाकारू लागले, हाताशी वेळ नाही म्हणून सांगायची. खरं तर वेळच वेळ होता. तुमच्या टेबलावर मोबाइलची कव्हरं मांडून विकायला बसायचं, इथपर्यंत माझं मन येऊन ठेपलं होतं.

तेवढ्यात इंझोरीचा एक पोरगा आला. दुसऱ्याचं हार्वेस्टर चालवतो, आणि पुण्याहून एक जुनी टर्बो गाडी घेऊन आलाय, इतकी बुटकी की आपल्याकडच्या प्रत्येक गतिरोधकावर पोट घासते. गाडी दिसली की गावातली म्हातारी माणसं बाजेवरून उठून बसतात, हे तो अभिमानानं सांगतो. म्हणाला, ताई, चढावर मंधातच दम सोडते. बूस्ट पडत होता. मी डबी उघडली, भिंगाखाली सगळं स्वच्छ दिसलं, मीटर गप्प. मग मी चिपमधले आकडे वाढवून बूस्ट चढवून दिला. गाडी पळाली, पोरगा पेढे घेऊन आला. थोड्याच दिवसांनी परत आला आणि हसत हसत सांगू लागला की कारंज्याच्या रस्त्यावर बूस्टचा काटा पार लालमध्ये गेला, गाडी उसळून एकदम अशी अडखळली की मागच्या सीटवरची त्याची दोन्ही भाचरं पुढं येऊन आदळली. त्यांना काही झालं नव्हतं. तो हसत होता आणि मी त्याच्या हातातून चावी घेतली. बोर्ड तापला की व्हॉल्व्हकडे जाणारी रेघ मधूनच तुटत असणार, म्हणून बूस्ट पडत होता. तो मी आकड्यांनी भरून काढला. मग जेव्हा ती रेघ नीट जुळली, तेव्हा मी भरलेलं सगळं एकदम इंजिनात गेलं. तेवढ्या दाबात पिस्टन फुटतो, भर रस्त्यात इंजिन अडकतं. टीव्हीचा स्क्रूच फिरवला होता मी, बाबा. गाडी ठेवून घेतली आणि त्याला एसटीनं घरी पाठवलं.

बोर्ड घरी आणला, सोबत भिंग आणि आयर्न. आईनं गॅसवर वरण ठेवलं होतं आणि ती अंगणात तुळशीपाशी गेली होती. मी स्वयंपाकघरात बसून भिंगातून एकेक कंडेन्सर पाहत होते, बहुधा दहाव्यांदा. आई धावत आत आली. मी गॅसपासून हातभर अंतरावर, आणि पातेल्यातून काळा धूर.

"वरण जयून राह्यलं, तुले वास येत नाई का?"

नाही म्हणाले. हो म्हणून सावरून घ्यायची ताकदच उरली नव्हती. तिनं गॅस बंद केला, पातेलं मोरीत ठेवलं आणि माझ्यासमोर बसली. कवापासून, असं विचारलं. सांगितलं. काहून नाई सांगतलं, असं विचारलं. मग मी सगळंच सांगून टाकलं, गाडी, भाचरं, मोबाइलची कव्हरं. तिनं बोर्ड स्वतःकडे ओढला. "लाव तो आयर्न," म्हणाली. "मले नाक हाय अजून."

तिनंच मिक्सरची पिन काढली. मी पहिल्या कंडेन्सरला टोक टेकवलं, ती वाकली. पदर नाकाला लावला नाही. मान हलवून नाही म्हणाली. दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला नाही. किती झाले मला आठवत नाही, पण कोपऱ्यातल्या एका बारक्या कंडेन्सरशी ती थांबली. डोळे मिटलेले. बाबा, मला वाटलं ती आता तोंड वाकडं करेल, खिडकी उघडायला उठेल. उठली नाही.

"हाच," म्हणाली. "तुह्या बाबाचा सदरा."

मी आयर्न बाजूला घेतलं. काम झालं होतं, एकदा कळलं की कळलं. तिनं डोळे उघडले नाहीत. "अखीन एकदा लाव," म्हणाली. मी लावलं. चांगला धूर निघेपर्यंत धरून ठेवलं, बोर्डाला ते बरं नसतं हे माहीत असून. मला कसलाच वास येत नव्हता. मी नुसतं तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला तुमच्या नाकाचा नाही, तिच्या नाकाचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी तो कंडेन्सर उचलला. खाली हिरवी पडलेली रेघ होती, अर्धी खाल्लेली. वायरचा तुकडा टाकून ती जोडली, नवा कंडेन्सर बसवला आणि बूस्टचे आकडे कंपनीनं दिले होते तिथं परत आणले. पोरगा चक्कर मारून आला, जरा मऊ झाली म्हणाला, कमी केली का? कमी केली म्हणाले, आता दम सोडणार नाही, आणि आधी वाढवून दिली ती माझी चूक होती हेही सांगितलं. तो मनावर घेणाऱ्यांतला नाही. भाचरांना घेऊन दाखवायला आला तर आईनं त्यांच्या हातावर साखर ठेवली.

आता पार्सलं पुन्हा घेते. आई दुपारची झोप सोडून दुकानात येते, तुमच्या लोखंडी खुर्चीवर उशी टाकून बसते, आणि बोर्ड पुढं केला की वाकून सांगते, याले हाय, याले नाई. हैदराबादच्या एकानं फोनवर विचारलं, तुम्ही कोणती मशीन वापरता. मी म्हणाले, जुनी आहे, पण चांगली चालते. आईला हे सांगितलं तर ती दिवसभर खुशीत होती. संध्याकाळी घरी गेल्यावर ती लुगडं बदलते आणि ते वेगळ्या बादलीत टाकते. तुमचीच बादली आहे. कड फुटलीय, फेकू देत नाही.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, कारण टेबलाचे खण आईच आवरते आणि तिला सगळं वाचता येतं. मागच्या महिन्यात एका सकाळी मी एकटीच होते. आयर्न टेकवलं आणि नाकात काहीतरी आलं. फार लांबून, बाजाराच्या त्या टोकाहून यावं तसं. मी पुन्हा टेकवलं, पुन्हा आलं. खुर्ची धरून उभी राहिले आणि तुम्हाला मोठ्यांदा हाक मारली, रिकाम्या दुकानात. तेवढ्यात आई आली, चपला काढल्या, उशी झटकली, बसली. मी तोच बोर्ड तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, पाह्य ना आई, मले काई समजून नाई राह्यलं. ती वाकली, डोळे मिटले. माझं नाक परत आलंय, बाबा. तिला अजून सांगितलेलं नाही.