शहापूर म्हणजे परमुलूख

सोमवार, ३ फेब्रुवारी १९४१. सकाळ.
नवा संकल्प. एमाबाईंच्या रिपोर्टात यापुढे एकही चूक राहू द्यायची नाही. बाई जर्मन. बेळगावात वीस वर्षं बाळंतपणं करताहेत, पण लढाई सुरू झाल्यापासून सरकारच्या लेखी शत्रूच्या प्रजाजन. दर सोमवारी ठाण्यावर हजेरी. बाहेर रात्र काढायची तर तिथला पत्ता आधी कळवायचा. परवान्याशिवाय इंग्रजी हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाईंचे गुडघे दुखतात, म्हणून कॅम्पातल्या त्यांच्या दवाखान्याचं लिहिणं सांभाळणारी मीच कागद घेऊन जाते. आप्पांनी मला घरीच शिकवलं. पहिला धडा: सरकारनं विचारायच्या आधी आपण सांगावं. आप्पा कोर्टात शिरस्तेदार होते. उभ्या नोकरीत एक मेमो नाही.

मंगळवार, ११.
बाई निपाणीला जाऊन आल्या, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाईच्या बाळंतपणाला. मी पत्ता कळवला होता वखारवाल्यांच्या घराचा. बाई झोपल्या बाळंतिणीच्या खोपटात. आणि हे परत आल्यावर सहज सांगतात! तशीच ठाण्यावर जाऊन दुरुस्ती केली. भरमा हवालदार म्हणाले, ताई, बाई कुठल्या कुशीवर झोपल्या त्येबी लिवू काय? माझ्या कामाची कदर आहे त्यांना.

सोमवार, १७.
माझ्या थोरल्या बहिणीला, मनूआक्काला, आठवा लागला. आधीची दोन्ही बाळंतपणं आमच्याकडे टिळकवाडीत झाली. दोन्ही मुलं गेली. म्हणून तिच्या सासूबाई, जयाबाई, यंदा तिला माहेरी पाठवत नाहीत. बाळंतपण शहापूरलाच. एमाबाई दर गुरुवारी जाऊन तपासतात. मूल आडवं आहे, पण वेळेपर्यंत फिरवीन म्हणाल्या. आक्का दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

त्याच दिवशी, दुपारी.
शहापूर सांगली संस्थानात आहे! जन्मभर ठाऊक असून आज लक्षात आलं. रस्ता तोच, टांगा तोच, मध्येच हद्द संपते. म्हणजे बाई दर गुरुवारी बिनपरवाना परमुलखात जातात. बाईंना सांगितलं तर हसल्या. अगं विनू, मी भाजीपण तिकडनंच आणतो की गं! लई विचार करतीस. मागायला गेलीस तर न्हाय म्हणतील. न मागता कोण बघतंय?
त्याचीच तर भीती. उद्या दुसऱ्याच कुणी सांगितलं म्हणजे? आपण होऊन सांगितलं तर प्रामाणिकपणा दिसेल.

गुरुवार, २०.
रीतसर करून टाकलं. शहापूरच्या झालेल्या सगळ्या फेऱ्या लिहून दिल्या, पुढच्यांसाठी परवाना मागितला. भरमांनी कागद परत सरकवला. म्हणाले, ताई, शापूर म्हंजे गावातलंच की वो. माझी बायकू रोज जाती तिकडं. ह्ये घरी न्या आणि चुलीत घाला. मी ऐकलं नाही. समोर उभी राहून शिक्का मारून घेतला. बिचारे! कायद्याचं ज्ञान बेताचंच. बाईंना बोलले नाही. परवाना हातात ठेवूनच चकित करीन.

सोमवार, ३ मार्च.
उत्तर नाही. म्हणजे विचार चालू आहे. आप्पा म्हणाले, कागद वर गेला असणार. वर गेला हे चांगलंच.

शुक्रवार, ७ मार्च.
उत्तर आलं. बाईंना पुरंदरच्या छावणीत हलवायचं. परवा निघायचं. कारण: कबुलीप्रमाणे वारंवार हद्द ओलांडली. कबुली हा शब्द साफ चुकीचा आहे. मी माहिती दिली होती. खुलासा लिहायला घेतला आहे.
बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. पिशवी भरता भरता एवढंच म्हणाल्या, मूल अजून आडवंच हाय गं. मनूला मिरजंला न्या, दवाखान्यात. हितं ठेवू नका.
संध्याकाळी जयाबाईंना सांगून आले. म्हणाल्या, मिरज? आणि तिथं कोण बसलंय आमचं? एक बाई घालवलीस, आता सुनेला बी गावाबाहेर काढतीस व्हय गं?
रागाच्या भरात माणूस बोलतं.

सोमवार, १० मार्च.
ठाण्यावर गेले, बाईंचा नवा पत्ता कळवायला. भरमा हसले नाहीत. म्हणाले, त्यो पत्ता सरकारनंच दिलाय न्हवं? आता कुणाचं काय सांगायचं ऱ्हायलंय, ताई? जावा घरला.
खुलासा पुरा होत आला. भाषा अजून थोडी नरम हवी.

रविवार, ३० मार्च.
परवा आक्का सुटली. शहापूरची सुईण दोन दिवस झटली. मुलगा होता. आक्का वाचली.
मी खोलीबाहेर बसून होते. खुलासा बरोबर नेला होता, आक्काचा गैरसमज राहू नये म्हणून. वाचून दाखवायची वेळ आली नाही. दार उघडलं तेव्हा जयाबाई गाठोडं घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडे न बघता गेल्या. गाठोडं फार लहान होतं.

गुरुवार, ३ एप्रिल.
उद्या भेटायला येते, असा आक्काला निरोप पाठवला. गडी उलट निरोप घेऊन आला. तिचेच शब्द: येणार असलीस तर वेळ आधी कळव, म्हणजे मी घरात असणार न्हाय.
बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नसतो. माझ्यासाठी ती ओलांडील.
वेळ कळवली नाही.