मागच्या खोलीतलं इंजिन

दि. ९ फेब्रुवारी

ती. धाकट्या मामांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पाकिटावर सवयीनं ‘चि. सौ.’ लिहून मग त्यातलं ‘सौ.’ तुम्ही खोडलंत, ते दिसलं. मनाला लावून घेऊ नका. माझाही हात अजून तिकडेच जातो. यापुढे नुसतं भाचेसून लिहा, म्हणजे दोघांचीही पंचाईत नको.

फोनवर बोलले असते, पण तुम्ही पलीकडून काय, काय म्हणणार आणि मी ओरडून सांगणार, म्हणजे घरासकट सगळ्या गल्लीला कळणार. जे लिहितेय ते गल्लीला कळायला नको आहे.

घरचं सांगते. आईंची तब्येत बरी आहे, गोळ्या वेळेवर घेतात. चिमी बालवाडीत जायला लागली, पहिले दोन दिवस रडली, आता तिथून यायला रडते. बाबांचं मात्र ठीक नाही. ताटावर बसतात, अन्न चिवडतात आणि उठतात. शर्टाची कॉलर गळ्याभोवती लोंबायला लागली आहे. आईंनी, तुमच्या ताईंनी, डॉक्टरला घरी आणलं, तर त्याच्याशी चकार शब्द बोलले नाहीत.

कारण मला माहीत आहे. हे गेले त्याच्या थोडे दिवस आधी मोटारसायकल धूर टाकत होती म्हणून बाप-लेकांनी मागच्या खोलीत इंजिन उघडलं होतं. आठवडाभर तोच खेळ चालला होता. गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा दोघं असे खूश की जसं काही विमान बनवलं. पुढे हे आठ-दहा दिवस जवळच्या जवळच फिरले. पहिल्यांदा लांब निघाले, त्या दिवशी घाटाच्या वळणावर पडले आणि मागून येणाऱ्या ट्रकखाली गेले. पोलिसांनी लिहिलंय, भरधाव वेगात वळण घेतलं. पण वळणावरचा पंक्चरवाला मला स्वतः म्हणाला की गाडी सावकाश होती, मागचं चाक एकाएकी जागच्या जागी थांबलं आणि रस्त्यावर काळा ओरखडा उठला.

गाडी आता मागच्या खोलीत उभी आहे. परवा बाबा झोपलेले असताना मी न्यूट्रलमध्ये टाकून किक दाबून पाहिली. दगडासारखी आहे, हलत नाही.

मामा, मला बाबांवर संशय घ्यायचा नाही. पण त्यांनी तो स्वतःवर घेतलाय आणि त्यात ते झिजत चाललेत. खरं काय ते एकदा कळू दे. कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली तर संध्याकाळपर्यंत दहा जण येऊन बघून जातील. घरच्या घरी इंजिन कसं उतरवायचं ते मला लिहून कळवा. मी शिवणयंत्र सगळं खोलून जोडते, तेवढी अक्कल हाताला आहे.

तुमच्या कंबरेला शेक देत जा. पत्राची वाट बघते, माया असू द्या.

तुमची,
भाचेसून


दि. १७ फेब्रुवारी

चि. भाचेसुनेस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा चिडलो, दुसऱ्यांदा चष्मा पुसला, तिसऱ्यांदा हत्यारांची पेटी उघडली.

आधी नको का म्हणतोय ते सांगतो. इंजिन जाम होण्याला शंभर कारणं असतात. तेल संपतं, तेल वर चढवणारा पंप बसतो, बेअरिंग फुटतं. यातलं काहीही निघालं तर दाजी सुटले. पण दुसरं काही निघालं तर? पोरी, एकदा कळलेली गोष्ट परत न कळलेली होत नाही. मी या धंद्यात म्हातारा झालोय, गिऱ्हाइकाला काय सांगायचं आणि काय गिळायचं ते मला कळतं. घरच्या माणसाचं कसं गिळणार? विचार कर. भंगारवाल्याला गाडी देऊन टाकलीस तरी तुला कुणी नावं ठेवणार नाही.

तरीही करणार असशील तर नीट कर. सोबत पार्सल पाठवलंय. त्यात रिंग पाने आहेत, टी-पाने आहेत, आणि मागून हातोडीचा ठोका दिला की आपोआप फिरणारा जाड पेचकस आहे. तुमच्या घरात तो जबडा सरकवायचा पाना आहे ना, तो चिमीला खेळायला दे. त्यानं बोल्टची डोकी गोल होतात, आणि मग देवही ते बोल्ट काढू शकत नाही.

तुमच्या गाडीत इंजिनाच्या डोक्यावरून चौकटीची, म्हणजे फ्रेमची, नळी जाते, म्हणून ते खाली उतरवल्याशिवाय वरचं झाकण निघणार नाही. गाडी मधल्या स्टँडवर घे. खालचा बोल्ट काढून तेल परातीत काढ आणि ते फेकू नकोस, त्याचा रंग मला कळव. बॅटरीची तार सोड, मग टाकी उतरव आणि ती खोलीबाहेर ठेव. आसपास चूल, काडी काही नको. मग सायलेन्सर, कार्बोरेटर, क्लचची तार. वायरींना रंगीत दोऱ्या बांध, तुझ्याकडे दोऱ्यांना तोटा नाही. चेनचं पुढचं चक्र चेन असतानाच सैल कर, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबायला लाव. चेन उतरवल्यावर ते चक्र हट्टाला पेटतं.

चौकटीला धरलेले लांब बोल्ट सगळ्यांत शेवटी. आधी इंजिनाखाली लाकडी ठोकळे रच, इतके की त्याचं वजन ठोकळ्यांवर यावं. बोल्ट बोटानं फिरायला लागला की समज वजन नीट बसलं. वजन लटकत असताना बोल्ट ओढशील तर बोटं जातील. आणि एकटीनं उचलू नकोस. भरल्या पोत्याएवढं जड असतं, आणि पोत्यासारखं धरता येत नाही.

ताईला माझ्या कंबरेचं सांगू नकोस. घाई करू नकोस आणि कळवत राहा, एवढं म्हाताऱ्याचं ऐक.

तुझा,
धाकटा मामा


दि. ४ मार्च

ती. धाकट्या मामांना,
सा. न. वि. वि.

इंजिन उतरलं. पण ठरवलं तसं काही झालं नाही.

आईंना मी सांगितलं होतं की गाडी भंगारात देताना सुटे भाग वेगळे केलेले बरे. त्यांनी फार विचारलं नाही. पदर खोचला आणि ब्रेकवर पाय देऊन उभ्या राहिल्या. चक्राचा बोल्ट कडकन सुटला तेव्हा दोघी दचकलो आणि मग हसलो. या घरात हे गेल्यापासूनचं ते पहिलं हसणं असेल. आईंनी लगेच तोंडावर हात ठेवला.

तेल काळंकुट्ट निघालं, पण भरपूर होतं. हातावर घासलं तर धातूची बारीक चमकी लागत होती.

सायलेन्सरचा एक नट गंजला होता. मी घाईत चुकीच्या मापाचा पाना लावला आणि तो सटकला. बोटाचं सालटं निघालं, त्याचं काही नाही. पण तो सटकल्याचा आवाज बाहेर गेला आणि बाबा दारात येऊन उभे राहिले. लेथवर आयुष्य काढलेला माणूस, पाना सटकलेला त्यांना भिंतीपलीकडूनही कळतो. मला वाटलं आता ओरडतील. ते आत आले, माझ्या हातातला पाना घेतला, पेटीतून बरोब्बर दुसरा उचलला, नटावर दोन थेंब तेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत भिंतीला टेकून थांबले.

बाकी सगळं आम्ही दोघांनी केलं. आई आत निघून गेल्या. शेवटच्या बोल्टाला बाबांनी बोटानं फिरवून पाहिलं, अगदी तुम्ही लिहिलंत तसं, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. आम्ही इंजिन उजवीकडून बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं. त्यांचे दंड थरथरत होते. मला भीती वाटली ते हातातून सोडतील, पण सोडलं नाही.

मी झाकणाला हात लावला तर त्यांनी अडवलं. म्हणाले, आधी बाहेरून स्वच्छ धुवायचं, नाहीतर माती आत जाईल. दोन दिवसांत धुऊन झालं. आता त्यावर जुनी चादर टाकलीय आणि ते रोज चादरीकडे बघत स्टुलावर बसतात. कधी उघडणार विचारलं तर चादरीचं टोक सारखं करतात.

मला आता भीती वाटतेय, मामा. सुरू मी केलं आणि आता हात घालवत नाही. काय करू ते लवकर लिहा.

तुमची,
भाचेसून


दि. ९ मार्च

चि. भाचेसुनेस,
आशीर्वाद.

हे मिळताच इंजिन खोक्यात घालून ट्रान्सपोर्टनं माझ्याकडे पाठवून दे. दाजींना सांग, मामाकडे नीट अवजारं आहेत, तो उघडून कळवेल. आत काय निघेल ते निघो. मी तेलाचा पंप बसला होता असं लिहीन. फोटोसाठी एखादा बसलेला पंप माझ्याकडे पडलेला आहे.

तेल भरपूर असून चमकी लागली, यावरून मला जे वाटतंय ते मी कागदावर लिहिणार नाही.

खोटेपणा म्हणशील, तर आहे. माझा एक भाचा गेला. दुसरा माणूस जाऊ द्यायचा नाहीये. आणि त्या माणसाबरोबर माझी बहीण जाईल. उगाच धीट होऊ नकोस.

मामा


दि. १९ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी खोकं आणलं. बाबांना म्हटलं, मामा बोलावताहेत इंजिन. त्यांनी खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, धाकटा काय लिहिणार ते मला माहीत आहे, तो लहानपणापासून मला वाचवायलाच बघतो. मग चादर काढली आणि पाना घेतला.

मी थांबवू शकले असते. नाही थांबवलं. मलाही बघायचं होतं.

वरचं झाकण निघालं तेव्हा आत तेलाचा थेंब नव्हता. झडपा हलवणारा कॅमचा दांडा जळून निळा पडला होता आणि आपल्या घरात चिकटून बसला होता. बाबा म्हणाले, खाली तेल आहे आणि वर पोचलेलं नाही, म्हणजे वाटेत अडलंय. ते असं बोलत होते की जसं दुसऱ्या कुणाच्या गाडीबद्दल. मग हेड उतरवलं, सिलिंडर वर ओढला. त्याच्या खाली सांध्यात बसवायचं कागदाचं गास्केट होतं. गाडी जुनी, बाजारात मिळेना म्हणून बाबांनीच ते कागदाच्या शीटमधून हातानं कापलं होतं, हे मला आठवतं. इतकं सुबक कापलं होतं, मामा, कडा बघत राहाव्यात अशा. त्यात बोल्टांची चार भोकं होती. पाचवं, तांदळाच्या दाण्याएवढं, ज्यातून तेल वर जायचं, ते पाडलेलं नव्हतं. कागदावर तिथे नुसता गोल उमटला होता.

बाबांनी त्या गोलावर अंगठा ठेवला. मग मला म्हणाले की तू चिमीला घेऊन माहेरी जा. ज्याच्या हातानं तुझा नवरा गेला त्याच्या हातचं पाणीसुद्धा तू पिऊ नयेस. मी माझं काय ते बघतो.

ते ‘माझं काय ते बघतो’ ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. आजवर मी या माणसासमोर आवाज चढवलेला नव्हता. त्या दिवशी सगळं बाहेर आलं. म्हटलं, हो, तुमच्या हातानं गेला. एक भोक पाडायचं राहिलं तुमचं, आणि माझं सगळं गेलं. मी तुम्हाला माफबीफ करणार नाही, ते मागूही नका. लोक माझ्या नवऱ्याला भरधाव म्हणतात, तो गेल्यावरही त्याच्यावर खापर आहे, आणि तुम्ही सुटून जायचं म्हणता? ते चालणार नाही. चिमी मोठी होईल, बाबा कसा गेला विचारेल, तेव्हा उत्तर द्यायला मी पुढे होणार नाही. तुम्ही तिला समोर बसवून सांगायचं. तोवर कुठेही जायचं नाही.

आई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं त्या कोसळतील. त्या आत आल्या, तेलानं माखलेला बाबांचा हात आपल्या पदरानं पुसायला लागल्या, आणि पुसता पुसता त्याच हातावर कपाळ आपटून रडल्या. रागानं की मायेनं, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसेल.

मी खूप वाईट बोलले, मामा. पण खोटं बोलले नाही. त्या संध्याकाळी मी बाबांचं ताट वाढलं आणि समोर ठेवलं. ते जेवले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

तुम्ही त्यांना दोन ओळी लिहा. माझ्याशी ते बोलत नाहीत, मीही बोलत नाही. लोभ ठेवा, आत्ता त्याची फार गरज आहे.

तुमची,
भाचेसून


दि. ६ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, असं कुठल्याही कारागिराच्या हातून होतं. होत असेल. तू लिहितोस, कागद तेलानं फुगून भोक बुजलं असेल. नाही. मी जन्मभर मापावर काम केलं. वस्तू मापात असते किंवा नसते. मला समजवायला पुन्हा लिहू नकोस, तुझी कंबर कशी आहे ते लिही.

मी पोलीस चौकीत गेलो होतो. तिथल्या हवालदाराला गास्केट दाखवलं आणि म्हटलं, मुलगा वेगात नव्हता, इंजिन जाम झालं, ते मी जोडलं होतं, तसं लिहा. तो म्हणाला, आजोबा, प्रकरण मिटलंय, घरी जा. पुन्हा गेलो तर साहेबांकडे पाठवलं. साहेब चांगला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, ऐकून घेतलं, आणि काही बदलणार नाही म्हणाला. मग मी परत येताना कोपऱ्यावरच्या गॅरेजात थांबलो. नेहमीची मंडळी बसली होती. त्यांना सगळं सांगितलं. कुणी वर बघेना. एकानं पाणी पुढे केलं, ते मी प्यायलो. आता तुझी ताई दळण आणायला निघाली की बायका बोलायच्या थांबतात. तिनं मला तसं सांगितलं, पण का सांगितलंत असं विचारलं नाही.

सूनबाई माहेरी गेली नाही. तिचं शिवणयंत्र दिवसभर चालू असतं. माझ्याशी कामापुरतं बोलते. काल जेवायला हाक मारताना तिनं बाबा म्हटलं. सवयीनं आलं असेल तोंडात.

पोर आत्ता चार वर्षांची आहे. तिला हे कळायला निदान दहा वर्षं तरी जावी लागतील. तेव्हा मी अठ्ठ्याहत्तरचा असेन. म्हणून डॉक्टरकडे गेलो, रक्त तपासलं, त्यानं गोळ्या दिल्यात त्या घेतो. दोन्ही वेळेला जेवतो, चव नसली तरी. सकाळी जरा चालून येतो.

तू तुझी काळजी घे.

तुझा,
दाजी